कालवा ओलांडला, न्याहारीचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

अरब देशांत लोक रस्त्यावर उतरले की पहिल्या दिवशी बातमी येते, महागाईविरुद्ध निदर्शनं. चार दिवसांनी त्याच बातमीत 'राजकीय सुधारणा' हे शब्द आलेले असतात. पावाच्या भावावरून सुरू झालेलं भांडण मतपेटीपर्यंत पोचतं कसं? आज त्याबद्दल बोलू. आणि सुरुवात करू इजिप्तपासून, कारण १९७७ चा तो किस्सा सांगायची संधी मी सहसा सोडत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या काळापासून इजिप्तमध्ये एक अलिखित करार चालत आला होता. सरकारनं पाव, साखर, तेल स्वस्तात पुरवायचं, शिकलेल्या पोरांना नोकरी द्यायची, आणि लोकांनी कारभाराविषयी फार प्रश्न विचारायचे नाहीत. पुन्हा सांगतो, स्वस्त पाव घ्या आणि गप्प बसा. नंतर अन्वर सादात आले, परदेशी भांडवलाला दारं उघडली, कर्ज वाढत गेलं. कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं बजावलं, अनुदानं कापा.

१७ जानेवारी १९७७. उपपंतप्रधान कैसूनी यांनी संसदेत अनुदान-कपात जाहीर केली. पांढऱ्या पिठाचा पाव, साखर, चहा, तांदूळ, गॅसचं सिलिंडर, सिगारेट, सगळंच महागणार होतं. भाववाढ ठरवणाऱ्या माणसानं सही करण्याआधी महिनाभर घरचं वाणसामान स्वतः आणावं, असा नियम करायला हवा. हे माझं जुनंच मत आहे, कुठल्याही देशाला लागू.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैरोच्या दक्षिणेला हेलवानच्या कारखान्यांतले कामगार बाहेर पडले. तिकडे अलेक्झांड्रियात गोदी कामगार निघाले. विद्यार्थी मिळाले, वाटेतले लोक मिळाले, आणि बघता बघता अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत अख्खा देश रस्त्यावर आला.

आता घोषणा ऐका. इस्रायलशी झालेल्या १९७३ च्या युद्धात इजिप्तच्या फौजेनं सुएझ कालवा ओलांडला होता. तेव्हापासून सादात यांना 'बतल अल-उबूर' म्हणत, म्हणजे कालवा ओलांडणारा वीर. वर्तमानपत्रांत तेच, भाषणांत तेच. गर्दीनं तोच किताब उचलला आणि त्याला यमक जोडलं, "या बतल अल-उबूर, फेन अल-फुतूर?" अहो कालवा ओलांडणारे वीर, आमची न्याहारी कुठाय?

उबूर, फुतूर! तीन-साडेतीन वर्षं जपलेली प्रतिमा एका यमकात खाली आली. आणि इजिप्तमधल्या गरिबाची न्याहारी ती काय, रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या बाकल्याच्या दाण्यांचा 'फूल' आणि बरोबर पाव. तेवढंच तो मागत होता.

दुसरी घोषणा होती संसदेच्या सभापतींवर. सय्यद मरेई त्यांचं नाव. मोठे जमीनदार, वर सादात यांचे व्याही. बेय म्हणजे रावसाहेबांसारखा मानाचा शब्द. लोक ओरडत होते, "सय्यद बेय, अहो सय्यद बेय, किलोभर मटण एक पौंडाला झालं!" सभापतींना मटणाचा भाव भर रस्त्यात ऐकवला.

आपल्याकडेही त्या काळी अशा घोषणांची हातोटी होती. मुंबईत बायकांनी महागाईविरुद्ध लाटणं मोर्चे काढले, आणि त्याच १९७७ साली मृणाल गोरे निवडून आल्यावर लोक म्हणाले, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात." हल्ली घोषणा फ्लेक्सवर छापून येतात, त्यांना ना यमक ना चव. असो, कैरोला परत जाऊ.

सादात त्या वेळी आस्वानला थंडीच्या मुक्कामाला होते. ते घाईनं राजधानीत परतले. पोलीस चौक्या पेटल्या होत्या, पिरॅमिडच्या रस्त्यावरचे नाइट क्लब जळत होते. लष्कर उतरलं, संचारबंदी लागली, सत्तरहून अधिक माणसं मेली. आणि १९ तारखेला सरकारनं भाववाढ मागे घेतली. दोन दिवसांत!

सादात मात्र शेवटपर्यंत याला 'चोरांचं बंड' म्हणत राहिले. पुढच्याच महिन्यात सार्वमत घेऊन त्यांनी निदर्शनं आणि संपांसाठी जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षांची तरतूद करून घेतली. म्हणजे झालं काय? पाव परत मिळाला, बोलण्याची मुभा आणखी आवळली. जुनाच करार, फक्त आता कायद्याच्या दांडक्यासकट.

जॉर्डनमध्ये उलटं घडलं. एप्रिल १९८९ मध्ये इंधनाचे भाव वाढले आणि दक्षिणेतलं मआन शहर पेटलं. हा सगळा भाग राजाचा पाठीराखा, म्हणून धक्का मोठा होता. राजे हुसेन यांनी पंतप्रधान बदलले आणि त्याच नोव्हेंबरात संसदेच्या निवडणुका घेतल्या, १९६७ नंतरच्या पहिल्या. स्वस्ताई देता येत नसेल तर लोकांना बोलू तरी द्यावं लागतं, हे त्यांनी ओळखलं. करार मोडला की लोक त्याची दुसरी बाजू मागतात, ती अशी.

कैरोनं वेगळा धडा घेतला. पावाच्या किमतीला हात लावायचा नाही, वजनाला लावायचा. अनुदानित पाव ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पाच पियास्टरलाच (शंभर पियास्टरचा एक पौंड) राहिला, पण २०२० मध्ये त्याचं वजन ११० ग्रॅमवरून ९० वर आलं. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं आपल्याकडे काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको. मधल्या काळात २०११ चा उठाव आला. कैरोच्या तहरीर चौकात लोकांनी पाव, स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय एका दमात मागितले. पाव पहिला, पण एकटा नव्हे.

१ जून २०२४ पासून तो पाव वीस पियास्टरला झाला, एकदम चौपट. १९७७ सारखं या वेळी काही घडलं नाही. २०१३ च्या कायद्यानुसार तिथे मोर्चाआधी पोलिसांना कळवावं लागतं, पोलीस कोर्टाकडून त्यावर बंदी आणू शकतात, आणि न कळवता निघालेले कित्येक जण तुरुंगात गेलेले लोकांनी पाहिलेत.

सुदानमधलं अतबारा, जिथे डिसेंबर २०१८ मध्ये पाव एका पौंडावरून तीन पौंडांवर गेला आणि चार महिन्यांत राष्ट्राध्यक्ष बशीर यांची तीस वर्षांची सत्ता गेली, ते आज राहिलं. घड्याळ मला खुणावतंय. अतबाराच्या रेल्वे कामगारांसकट ते पुढच्या भाषणात. नमस्कार.