भाताला एक भाषा, गुरांना दुसरी

श्रोतेहो, नमस्कार.

सुरुवातीलाच काही आकडे म्हणून दाखवतो, कान देऊन ऐका. रुआ, तेलु, एफाट्र, दिमि, एनिन, फितु. दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. आता दुसरी ओळ. रुएह, तेलु, एपात, दिमे, एनेम, पितु. पुन्हा दोन ते सात. पहिली ओळ मादागास्कर बेटावरच्या मालागासी भाषेची. दुसरी इंडोनेशियाकडच्या बोर्निओ बेटावर, बारितो नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या मआन्यान लोकांची. या दोन्ही बेटांमध्ये जवळपास ७,००० किलोमीटरचा हिंदी महासागर पसरलेला आहे.

रेडिओवर नकाशा दाखवता येत नाही, तेव्हा तोंडीच सांगतो. मुंबई विषुववृत्ताच्या जेवढी उत्तरेला, जवळजवळ तेवढीच मादागास्करची राजधानी अंतानानारिवो दक्षिणेला. बेट केवढं? आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट. आफ्रिकेचा किनारा तिथून फक्त ४०० किलोमीटरवर. म्हणजे तिथे पहिली माणसं आफ्रिकेतून गेली असतील, असंच कोणीही म्हणेल. मीही तसंच समजत होतो. पण त्या बेटावर माणूस वसला तो फार उशिरा, आणि ज्यांची भाषा तिथे रुजली ते शेजारून आले नव्हते, महासागराच्या पार पलीकडच्या टोकाहून आले होते.

हे पहिल्यांदा कानांनीच टिपलं गेलं. फ्रेडरिक दे हाउटमन नावाचा डच दर्यावर्दी होता. आधीच्या सफरीत तो मादागास्करला थांबला होता. पुढे इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर, आचे इथे कैदेत पडला आणि तिथे मलाय भाषा शिकला. १६०३ मध्ये त्याने मलाय आणि मालागासी या दोन्ही भाषांचं शब्दपुस्तक एकत्र छापलं. तुरुंगातला वेळ इतका सत्कारणी लावणारे थोडेच! दगडाला मलायमध्ये बातु, मालागासीत वातु. आकाशाला लांगित आणि लानिट्र. चंद्राला बुलान आणि वुलान. पण नेमकं गाव सापडायला १९५१ साल उजाडावं लागलं. ओटो डाल हे नॉर्वेचे मिशनरी मादागास्करात राहून भाषेचा अभ्यास करत होते. त्यांनी मालागासी आणि मआन्यान शेजारी मांडून दाखवल्या. मलायमध्ये पाचाला लिमा म्हणतात. मआन्यानमध्ये दिमे, मालागासीत दिमि. ‘ल’चा ‘द’ दोघींनी मिळून केलाय. अशा खुणा एक-दोन असत्या तर योगायोग म्हणून सोडून देता आल्या असत्या. इथे त्या ढिगाने आहेत.

आता गंमत पाहा. मआन्यान हे दर्यावर्दी नाहीतच. नदीकाठी, समुद्रापासून आत राहणारे, भातशेती करणारे लोक. ते महासागर ओलांडून कसे गेले? बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की जहाजं मलाय लोकांची होती. सुमात्रातलं श्रीविजय राज्य ७व्या शतकापासून समुद्री व्यापारात जोरात होतं. त्या जहाजांवर खलाशी म्हणून, मजूर म्हणून बारितो खोऱ्यातली माणसं गेली असावीत. भाषाही याला साक्ष देते. मालागासीतले रोजचे शब्द बारितोकडचे, पण समुद्राचे आणि वाऱ्याचे कितीतरी शब्द मलाय. मालक आणि मजूर आपापले शब्द घेऊन एकाच जहाजात बसले होते म्हणा ना.

त्या शब्दांबरोबर आपल्याकडचेही काही शब्द तिथे उतरलेत. इंडोनेशियात तोवर संस्कृत पोचली होती. बोर्निओच्या पूर्व भागात कुताई इथे राजा मूलवर्म्याचे संस्कृत शिलालेख आहेत, सुमारे इ. स. ४०० चे. मालागासीत एक लाखाला हेत्सि म्हणतात. हा आपला ‘कोटि’. इंडोनेशियात पोचेपर्यंत त्याचा ‘केति’ झाला आणि किंमत घसरून एक लाखावर आली. शंभर लाखांचा एक लाख! रुपयाचंही कधी एवढं अवमूल्यन झालं नसेल.

भाताला ते वारि म्हणतात. आपल्या वरीशी त्याचं नातं जोडायचा मोह होतो, तो आवरलेला बरा. भात पूर्वेकडून आला, हे मात्र खरं आहे. २०१६ मध्ये ॲलिसन क्राउदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेचा किनारा, कोमोरो बेटं आणि मादागास्कर इथल्या १८ जुन्या वस्त्यांच्या मातीतले जळके दाणे तपासले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ज्वारी, बाजरी, चवळी. कोमोरो आणि मादागास्करात मात्र तांदूळ, मूग आणि आशियाई कापूस. माणसं काय पेरत आणि काय शिजवत होती, ते चुलीतल्या दाण्यांनी हजार-बाराशे वर्षांनी सांगितलं.

मग आफ्रिकेतून कोणी आलंच नाही का? आले, आणि पुष्कळ आले. आजच्या मालागासी माणसाच्या रक्तात आफ्रिकेचा वाटा मोठा आहे. त्याची साक्ष भाषेत शोधायची तर गोठ्यात जायला हवं. गाईबैलांना मालागासीत ऊंबि म्हणतात, पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत ङोम्बे. कोंबडीला आकूहु, तिकडे कूकू. मेंढीला ऊन्ड्रि, तिकडे कोन्डो. कुत्र्याला आम्बुआ, तिकडे म्ब्वा. म्हणजे भाताचं खाचर पूर्वेकडच्या लोकांनी आखलं आणि गुरं हाकत आणली ती आफ्रिकेच्या बांटू लोकांनी. वारांची नावं तर अरबी व्यापाऱ्यांची. मंगळवार तलाता, शुक्रवार झुमा.

पूर्वेकडून आलेल्यांची संख्या किती असेल? न्यूझीलंडचे मरे कॉक्स आणि त्यांच्या गटाने २०१२ मध्ये आईकडून मुलांना मिळणाऱ्या जनुकांवरून गणित मांडलं. साधारण १२०० वर्षांपूर्वी वस्ती सुरू करणाऱ्या स्त्रियांची संख्या निघाली सुमारे ३०, आणि त्यातल्या बहुतेक इंडोनेशियाकडच्या. एका एसटीत बसून वर जागा उरेल एवढ्या बायका! हे गणित आहे, हजेरीपट नव्हे. त्यांच्याही आधी कोणी शिकारी येऊन गेले असावेत असं सुचवणारी दगडी हत्यारं आणि प्राण्यांच्या हाडांवरचे घाव सापडले आहेत. त्यांच्या तारखांवरून संशोधकांत चांगलीच जुंपली आहे, म्हणून ‘पहिले’ हा शब्द जरा जपूनच वापरतो.

ते आले कशातून, याचं उत्तर मालवणकडच्या श्रोत्यांना मी काय सांगावं! होडीच्या बगलेला आडव्या दांड्यांनी बांधलेलं ते लाकूड, ज्याने होडी कलंडत नाही. आपली उलांडी. मादागास्करच्या पश्चिम किनाऱ्यावरचे वेझो कोळी आजही उलांडीच्या होडीतून मासेमारी करतात. जावातल्या बोरोबुदुर स्तूपावर अशीच उलांडीची मोठी जहाजं कोरलेली आहेत. त्या शिल्पांवरून बांधलेलं एक जहाज २००३ मध्ये जाकार्ताहून निघालं आणि मादागास्करला लागून, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून २००४ मध्ये घानाला पोचलं. त्याचं नाव होतं ‘समुद्ररक्षा’.

शेवटी वाऱ्याबद्दल. आपले कोळी जसे जमिनीवरून सुटणाऱ्या वाऱ्याला मतलई म्हणतात, तशी मलाय खलाशांचीही वाऱ्यांची नावं होती. बारात म्हणजे पश्चिम, तिकडून पावसाळी वारा येतो. तिमुर म्हणजे पूर्व, तो कोरड्या दिवसांतला. मालागासीत हेच शब्द आहेत, अवाराट्र आणि अत्सिमु, पण अर्थ उत्तर आणि दक्षिण. कारण मादागास्करच्या किनाऱ्यावर पावसाळी वारा उत्तरेच्या अंगाने येतो. खलाशांनी होकायंत्र पाहिलं नाही, पाऊस कुठून येतो ते पाहिलं. मालागासी घरात ईशान्येचा कोपरा पूर्वजांचा मानतात, आपल्याकडे तिथे देवघर असतं तसा. त्या कोपऱ्याकडे हात करून तिथला म्हातारा जेव्हा ‘उत्तर’ म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी बोर्निओकडच्या पश्चिम वाऱ्याचं नाव असतं.

नमस्कार.