बिल कुठं अडकलं?

(दृश्य : सातपूर औद्योगिक वसाहत. पहिली पाळी सुरू होतेय.)

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे. नाशिकच्या या पट्ट्यातले मोठे कारखाने गाड्या बनवतात, गाड्यांचे सुटे भाग बनवतात, विजेची उपकरणं बनवतात. त्यांना लागणारा बुश, पिन, ब्रॅकेट असा बारीकसारीक माल छोटी वर्कशॉपं पुरवतात. दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशिनं, चार-पाच कामगार आणि बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज एवढाच त्यांचा पसारा. अशा वर्कशॉपवाल्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं : बिल पास कधी होणार? स्वयंचलित वर्कफ्लो, म्हणजे कामाचे टप्पे ठरल्या नियमांनी आपोआप पुढं सरकवणारी यंत्रणा, यात काय करू शकते, ते बघू.

(दृश्य : गेटवर टेम्पो, सिक्युरिटीच्या टेबलावर इनवर्ड रजिस्टर.)

समजा, अंबडहून ५०० बुश घेऊन टेम्पो आला. गेटवर इनवर्डचा शिक्का बसला, माल उतरला आणि बिलाचा प्रवास सुरू झाला. स्टोअरमध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद. क्वालिटीकडे तपासणी. परचेसकडे दराची खातरजमा. शेवटी अकाउंट्स. कागद पाहून सही करायला प्रत्येक टेबलावर पाच-दहा मिनिटं पुरतात. पण क्वालिटीचे साहेब ऑडिटमध्ये अडकलेले, परचेसच्या मॅडम रजेवर, आणि फाईल ट्रेमध्ये पडून. दिवस जातात ते तिथं. वर्कशॉपवाला फोन करतो, "साहेब, आपल्या बिलाचं बघा ना जरा." उत्तर येतं, "भाऊ, वर पाठवलंय." वर म्हणजे कुठं, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

अशा कारखान्यांत ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर नसतं असं नाही. असतं, वर्षानुवर्षं असतं. पण त्यात फक्त नोंद होते. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर काम ढकलायला माणूसच लागतो. स्वयंचलित वर्कफ्लो नेमकं हे ढकलण्याचं काम स्वतःकडे घेतो.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर खरेदीची ऑर्डर म्हणजे पीओ, जीआरएन आणि बिल शेजारी शेजारी.)

सगळ्यात उपयोगाचा भाग म्हणजे तीन कागदांचा मेळ. पीओमध्ये काय मागवलं, जीआरएनमध्ये काय मिळालं, बिलात काय लावलं. तिन्ही जुळले, तर बिल कुणाच्याही सहीसाठी न थांबता थेट पेमेंटच्या यादीत जातं. ५०० ऐवजी ४९८ बुश पास झाले, तर ४९८ चे पैसे निघतात आणि दोनची डेबिट नोट, म्हणजे कापलेल्या रकमेची चिठ्ठी, आपोआप तयार होते. दर जुळला नाही, तरच ते बिल माणसासमोर येतं, आणि तेही फरक कुठं आहे हे दाखवत. ठरलेल्या मुदतीत कुणी हात लावला नाही, तर वरिष्ठांना सूचना जाते. कुणी रजेवर गेलं, तर त्यांनी नेमलेल्या सहकाऱ्याकडे काम वळतं.

या तत्त्वाची नाशिकला सवय आहे. दिंडोरी-निफाडची द्राक्षं युरोपला जातात, ती अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीतून. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेत कीडनाशकांच्या उर्वरित अंशाची तपासणी, मग पुढची प्रमाणपत्रं. तपासणीत माल बसला नाही, तर युरोपसाठीचा पुढचा टप्पा उघडतच नाही. बागायतदाराला जे अंगवळणी पडलंय, ते कारखान्याच्या ऑफिसला जड का जावं?

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर, त्यावर लाल खुणा.)

आता कायद्याचं बघू, कारण इथं पैशांचा खरा प्रश्न आहे. २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे १५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी करार असेल, तरी ४५ दिवसांच्या पुढं जाता येत नाही. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजले जातात. बिल तुमच्या टेबलावर कधी पोचलं, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याच्या ४३ बी (एच) कलमानं आणखी एक चाप लावला : मुदत टळली, तर त्या मालाचा खर्च आयकरासाठी प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच धरता येतो. म्हणून वर्कफ्लोतलं घड्याळ जीआरएनच्या तारखेपासून सुरू व्हायला हवं. अनेक ठिकाणी ते अकाउंट्समध्ये बिल आल्यावर सुरू होतं. तिथंच छोट्या माणसावर अन्याय होतो.

१ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून जास्त उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, बंधनकारक झालं. त्यावरचा क्यूआर कोड गेटवर स्कॅन केला की पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिलाचा नंबर, तारीख, रक्कम थेट सॉफ्टवेअरमध्ये येते. पण दोन सीएनसीवाल्याची उलाढाल तेवढी नसेल, तर त्याच्या बिलावर हा कोडच नसतो. ज्याला पैशांची निकड जास्त, त्याचंच बिल हातानं टाईप होत राहतं. कारखान्यानं व्हेंडर पोर्टलवर, म्हणजे पुरवठादारांसाठीच्या वेबसाइटवर, त्याला पीओवरूनच बिल बनवायची सोय दिली, तर ही अडचण सुटते. ही सोय आधी छोट्यांना द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : मीटिंग रूम. पांढऱ्या फळ्यावर बाण आणि चौकटी.)

सॉफ्टवेअर घेण्याआधी नियम तपासायला हवेत. सात सह्यांची जुनी पद्धत जशीच्या तशी आत घातली, तर सात क्लिक होतात, बाकी काहीच बदलत नाही. कुठली सही कशासाठी आहे, हे विचारलं की त्यातल्या निम्म्या सह्या निव्वळ रिवाज म्हणून चालू असल्याचं कळू शकतं.

आणि एक काम कधीही आपोआप होऊ देऊ नये : पुरवठादाराचं बँक खातं बदलणं. "आमचा खाते क्रमांक बदललाय" अशा बनावट ईमेलनं फसवणूक होते. तिथं माणसानं आधीपासून नोंदवलेल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायलाच हवी.

वर्कफ्लो चालू झाला की महिन्याअखेरीस एक यादी काढता येते : कुठल्या टप्प्यावर बिल किती दिवस थांबलं. पोलादाचा भाव हलला की नवा दर तोंडी ठरतो, पण पीओची दुरुस्ती निघत नाही, आणि त्या दराची सगळी बिलं मेळात नापास होतात. इथं सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. दुरुस्त पीओ किती दिवसांत आणि कोणाच्या मंजुरीनं निघेल, हे परचेसच्या प्रमुखांनी वर्कशॉपवाल्यांना समोर बसवून ठरवावं. मग तो टप्पाही वर्कफ्लोत घालता येईल.