विमान भरलंय, खाली कोणी राहायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

तिकीट पक्कं, हातात सामान, विमानतळावर वेळेआधी हजर, आणि काउंटरवरून उत्तर येतं, "सॉरी, विमान भरलंय." आपल्याला वाटतं, कुणीतरी घोळ घातला. घोळ नसतो. जागांपेक्षा जास्त तिकिटं कंपनीनं समजून-उमजून विकलेली असतात.

हिशेब सोपा आहे. समजा, १८० जागांचं विमान आहे आणि वीस जणांमागे एक जण येतच नाही. म्हणजे नऊ खुर्च्या रिकाम्या जाणार, आणि विमान उडाल्यावर त्या विकता येत नाहीत. म्हणून १८५ तिकिटं विकायची. बहुतेक वेळा सगळे मावतात, कुणाला पत्ताही लागत नाही. एखाद्या दिवशी मात्र सगळेच येतात. मग खाली कोणी राहायचं?

ज्युलियन सायमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९६८ साली यावर तोडगा सुचवला. प्रत्येक प्रवाशाला एक पाकीट द्या. किती पैसे मिळाले तर पुढच्या विमानानं जायला तो राजी आहे, तो आकडा त्यानं आत लिहावा. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याला तेवढे पैसे देऊन थांबवा. विमान कंपन्यांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. प्रवाशांशी लिलाव? छे!

पुढे १९७२मध्ये ग्राहकहक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडर यांनाच पक्कं तिकीट असताना अ‍ॅलेघेनी एअरलाइन्सनं मागे ठेवलं. अडवायला माणूसही कोण सापडला बघा! ते कोर्टात गेले, आणि कंपनीवर फसवणुकीचा दावा चालू शकतो, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६मध्ये सांगितलं. मग आल्फ्रेड कान हे अर्थतज्ज्ञ तिथल्या विमान वाहतूक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९७८मध्ये नियम आला: आधी राजीखुशीनं थांबणारे शोधा, जबरदस्ती नंतर.

मला ही कल्पना पटते. मुलाखतीला निघालेल्याचा एक तास आणि सुट्टीवर निघालेल्याचा एक तास सारखा नसतो, आणि कुणाचा किती मोलाचा हे कंपनीला ठरवता येत नाही. विचारावंच लागतं.

विचारणं अर्धवट सोडलं तर काय होतं, ते एप्रिल २०१७मध्ये शिकागोत दिसलं. युनायटेड एअरलाइन्स या कंपनीला आपल्याच चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या आणि प्रवासी विमानात बसलेले होते. स्वखुशीनं उतरणाऱ्याला देऊ केलेली रक्कम ८०० डॉलरपर्यंत गेली आणि तिथंच थांबली. मग चार नावं काढली. त्यातल्या एकानं उठायला नकार दिला, तेव्हा विमानतळाच्या सुरक्षारक्षकांनी त्याला फरफटत बाहेर नेलं. तो व्हिडिओ जगभर गेला. त्यानंतर याच कंपनीनं स्वखुशीनं थांबणाऱ्यांसाठीची मर्यादा १०,००० डॉलर केली. त्या दिवशीची काटकसर भलतीच महागात पडली म्हणायची.

युरोपीय संघात २००५पासून दर ठरलेले आहेत. इच्छेविरुद्ध मागे ठेवलं, तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो; पर्यायी विमान फार उशीर न करता पोहोचवत असेल, तर ही रक्कम निम्मी होऊ शकते. शिवाय तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरं विमान, यातली निवड आपली. वाट पाहायची वेळ आली, तर जेवण आणि गरज पडल्यास हॉटेलही कंपनीकडे. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. पण उशिरा पोहोचलात किंवा कागदपत्रं अपुरी असली, तर भरपाईवर सहसा हक्क राहत नाही.

आता कामाची गोष्ट. "कुणी स्वखुशीनं थांबेल का?" अशी घोषणा झाली, की हात वर करण्याआधी जरा थांबा. राजीखुशीनं थांबणाऱ्याला कायद्यातली ठरलेली भरपाई मिळेलच असं नाही. जे कबूल कराल तेवढंच पदरात पडतं. पहिला आकडा बहुधा शेवटचा नसतो. पुढच्या विमानात जागा पक्की आहे की वेटिंग, रोख मिळणार की व्हाउचर, व्हाउचरची मुदत किती, रात्र काढावी लागली तर खोली कोण देणार, हे सगळं विचारा. आणि बोर्डिंग पास परत करण्याआधी ते लिहून घ्या.