पान उलटून बघा

[चाफ्याचं झाड. पाऊस नुकताच थांबलाय. एक हात पान उलटतो.]

वरून पाहिलं तर पानावर फिकट पिवळे ठिपके आहेत, टाचणीच्या डोक्याएवढे. ऊन लागलं असेल, पाणी कमी पडलं असेल, असं म्हणून आपण पुढे जातो. आता हेच पान उलटं धरू. प्रत्येक पिवळ्या ठिपक्याच्या बरोबर मागे एक नारिंगी पुटकुळी. बोट फिरवलं की शेंदूर लागावा तशी पूड बोटाला येते.

हा चाफ्याचा तांबेरा. पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. वारा आणि पावसाचे उडते थेंब त्यांना शेजारच्या पानावर नेऊन टाकतात. तिथे पान काही तास ओलं राहिलं तर बीजाणू रुजतो, आत शिरतो आणि थोड्याच दिवसांत त्या पानाच्या पाठीवरही पुटकुळ्या उठतात. पान कोरडं असेल तर त्याचं काही चालत नाही.

[खराट्याने पानं गोळा करताना. मग नळीचं पाणी आळ्यात.]

म्हणून उपचाराची सुरुवात खराट्याने. गळलेली पानं उचलायची, पिशवीत भरून बागेबाहेर काढायची, झाडाखाली साचू द्यायची नाहीत. पाणी आळ्यात द्यायचं, पानांवर नाही. आत दाटी झालेल्या दोन-चार फांद्या काढल्या की हवा खेळते. फवारणीची वेळ बहुतेकदा येतच नाही. चाफा तांबेऱ्याने सहसा मरत नाही, पानं लवकर टाकतो इतकंच.

पण होतं काय, ठिपका दिसला की पहिला हात पंपाकडे जातो. घरात उरलेलं जे औषध असेल ते फवारलं जातं. रोग कुठला, हा प्रश्न मागेच राहतो.

[बाग लांबून. कॅमेरा हळूहळू एका झाडाकडे.]

बघायची एक रीत आहे. आधी लांबून. अख्खं झाड मलूल आहे की एकच बाजू? एकच असेल तर त्या बाजूची मुळं आणि खोड तपासायचं. तिथे कुणी खोदलंय का, पाइप टाकलाय का. मग शेजारपाजार. चाफा, कांचन, जास्वंद, तिघांचीही पानं एकाच आठवड्यात करपली असतील तर रोगाचा संशय जरा बाजूला ठेवायचा. रोगजंतू बहुधा आपापलं झाड धरून असतात. चाफ्याचा तांबेरा कांचनावर जात नाही. सगळ्यांना एकदम धरणारं कारण बहुतेक वेळा निर्जीव निघतं: साचलेलं पाणी, खारं पाणी, जास्त पडलेलं खत, हिरवळीवर मारलेल्या तणनाशकाचा वाऱ्याने आलेला फवारा.

[पांढऱ्या कागदावर दोन पिवळी पानं.]

दोन्ही पानं पिवळी. डावीकडचं फांदीच्या बुडाचं, जुनं, सगळंच्या सगळं पिवळं पडलंय. त्याला नत्र कमी पडतंय. उजवीकडचं शेंड्याचं, कोवळं. पातं पिवळं, पण शिरांची जाळी हिरवीगार. इथे लोह कमी आहे. नत्राची चणचण असली की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं, लोहाचं तसं करता येत नाही. म्हणून एक उपासमार खालून दिसते आणि दुसरी शेंड्याकडून. खरं तर मातीत लोह असतंच. पण माती चुनखडीची असेल किंवा बांधकामाचा राडारोडा टाकून भर घातलेली असेल, तर ते मुळांना सुटत नाही. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं), भरपूर कंपोस्ट आणि पाण्याचा निचरा, एवढ्यावर पुढची पालवी हिरवी येते. अशा झाडावर बुरशीनाशक मारलं तर फक्त औषध वाया जातं.

[काळी पडलेली पानं. ओलं फडकं.]

हे दृश्य बघून माणसं झाड तोडायला निघतात. पानं, फांद्या, खालची फरशीसुद्धा काळी. ओलं फडकं फिरवू या. काळा थर निघाला, खालचं पान हिरवंच आहे. ही काजळी. आहे बुरशीच, पण ती पानाला खात नाही. पानावर सांडलेल्या गोड चिकट द्रवावर जगते. तो कुठून आला, हे शोधायला मुंग्यांची रांग पकडायची आणि तिच्या मागोमाग वर जायचं.

[फांदीचं बेचकं. पांढरे पिठ्या ढेकूण, त्यांच्यामधून फिरणाऱ्या मुंग्या.]

सापडले. पिठ्या ढेकूण फांदीतला रस ओढतात आणि जास्तीची साखर मागून सोडतात. मुंग्या ती खातात आणि बदल्यात ढेकणांवर टपलेल्या कीटकांना हाकलतात. मावा आणि पांढरी माशीही असाच द्रव सोडतात. तेव्हा उपचार काजळीवर करायचा नाही. जोराच्या पाण्याने ढेकूण झोडपायचे, उरलेल्यांवर कडुनिंबाच्या तेलाचं साबण घातलेलं द्रावण, आणि खोडाभोवती चिकटपट्टी, म्हणजे मुंग्यांचा जिना बंद.

[खोड. डिंकाचा थेंब, त्यात अडकलेला प्रकाश.]

आता पानांवरून खोडावर. डिंक दिसायला सुंदर. झाडाला इजा झाली की डिंक येतो. तो रोग नसून रोगाची चाहूल आहे. बघायचं ते डिंक कुठून येतोय. वर, खोडाच्या मध्यावर, बारीक छिद्र आणि खाली ताजा भुसा असेल तर आत खोडकिडा आहे. तार घालायची, अळी मारायची, छिद्र चिखलाने लिंपायचं. डिंक जमिनीलगत असेल तर साल चाकूने जराशी खरवडायची.

[चाकूचं टोक. हिरवी कड, तिच्यापुढे तपकिरी.]

सालीखालचा हा ओलसर, हिरवट-पांढरा थर जिवंत आहे. इथून पुढे तो तपकिरी आहे, आंबूस वास मारतोय. तो मेलाय. ही बुंध्याची कूज. आणि आता कॅमेरा जरा मागे नेऊ.

[बुंध्याभोवती रचलेली माती, त्यावर शोभेचे पांढरे गोटे.]

बुंध्याला हातभर माती चढवलेली आहे. छान दिसावं म्हणून. खोडाची साल मातीत राहण्यासाठी बनलेली नाही. मुळांची साल तशी असते. ओली माती खोडाला महिनोन्‌महिने चिकटून राहिली की कूज धरणाऱ्या बुरशीला आयतं दार मिळतं. या बागेतल्या बहुतेक जुन्या झाडांची हीच गत आहे. खोड जिथे रुंदावून मुळांत उतरतं तो भाग उघडा दिसला पाहिजे. माती काढणं हाच पहिला उपचार. फुकटचा, म्हणून कुणाला तो उपचार वाटत नाही.

[करवत. जाड फांदी.]

पण बागेतल्या झाडाला सगळ्यात मोठं दुखणं आपण देतो, ते करवतीने.

जाड फांदी वरून एका दमात कापली की ती अर्ध्यावर मोडते आणि पडताना खोडाची साल सोलत नेते. हे टाळायला तीन काप लागतात. पहिला खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. फांदी खाली येते, साल शाबूत राहते. उरला तो खुंट. तिसरा काप कुठे घ्यायचा यावर सगळं अवलंबून आहे.

[क्लोज-अप. फांदी आणि खोड यांच्या सांध्यावरचं फुगीर कडं.]

फांदी खोडाला मिळते तिथे हे फुगीर कडं दिसतंय? याला कॉलर म्हणतात. कूज रोखणाऱ्या पेशी इथेच असतात. काप या कड्याच्या जरासा बाहेर हवा. खोडाशी सपाट कापलं तर कडंच गेलं. लांब खुंट ठेवला तर तो मरतो आणि कूज त्यातून आत उतरते.

[जुन्या ओंडक्याचा उभा छेद. मध्ये काळपट पट्टा, भोवती स्वच्छ लाकूड.]

हे नीट समजलं ते अलीकडे, ॲलेक्स शायगो यांच्यामुळे. ते अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ. झाडांवरचं संशोधन आडव्या चकत्या कापून चालायचं. शायगो यांनी चेनसॉ घेऊन हजारो झाडं उभी चिरली आणि जुन्या जखमांचा आतला प्रवास पाहिला. १९७७ साली त्यांनी जे मांडलं ते असं: झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. कुजलेलं लाकूड पुन्हा चांगलं होत नाही. झाड त्याच्याभोवती भिंती घालतं, त्याला कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. वर-खाली जाणारी भिंत सगळ्यात कच्ची. जखम झाल्यानंतर नव्या लाकडाच्या कडेला उभी राहते ती सगळ्यात पक्की. या ओंडक्यात ती स्पष्ट दिसते. काळपट भाग जिथे थांबलाय, तेवढी त्या झाडाची जाडी जखम झाली त्या वर्षी होती.

जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासायची पद्धतही याच कामात निकाली निघाली. रंगाने कूज थांबत नाही. उलट आत ओल कोंडते. योग्य जागी घेतलेल्या कापाला काहीही लावायची गरज नसते. करवत मात्र एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याआधी ७० टक्के अल्कोहोलने पुसायची आणि छाटणी कोरड्या हवेत करायची.

[तीन प्लास्टिकच्या बादल्या. निळे खडे पाण्यात विरघळताना.]

मग औषध लागतं कुठे? खरवडलेल्या बुंध्यावर, आणि पानांवर करपा दरवर्षीच येत असेल तर पावसाआधी. त्यासाठी बोर्डो मिश्रण. हे बनवताना बघणं हाच एक सोहळा आहे.

१०० ग्रॅम मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, ५ लिटर पाण्यात. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी अजिबात नको. दुसऱ्या बादलीत १०० ग्रॅम कळीचा चुना आधी थोड्या पाण्यात फोडायचा. तो तापतो, फसफसतो, वाफ सोडतो, तेव्हा चेहरा लांब. निवला की फडक्यातून गाळून तोही ५ लिटर करायचा. आता दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतायची आणि लाकडी काठीने ढवळत राहायचं.

[दोन धारा एकत्र. रंग पालटतो.]

हा आकाशी रंग.

चुना कमी पडला तर मोकळं तांबं पानं जाळतं. म्हणून चाचणी घ्यायची. घासून चकचकीत केलेलं लोखंडी पातं मिश्रणात बुडवायचं. त्यावर तांबूस पुट चढलं तर आणखी चुना. पातं तसंच राहिलं तर मिश्रण तयार, आणि ते त्याच दिवशी संपवायचं. एवढाच मोरचूद आणि चुना १० लिटरऐवजी १ लिटरमध्ये घेतला की होते बोर्डो पेस्ट. बुंध्याची मेलेली साल जिवंत कडेपर्यंत काढून तिथे ही ब्रशने लावायची. आत खोल उतरलेली कूज पेस्टने थांबत नाही.

मिश्रणाचा शोध फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेडॉक भागात लागला, तोही चोरांमुळे. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडत, म्हणून बागवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडत. निळी द्राक्षं बघून कोण तोंडात घालेल! १८८२ साली केवडा रोगाने वेली उघड्या पडत होत्या. वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या या निळ्या वेलींवर पानं टिकून आहेत. १८८५ मध्ये त्यांनी कृती जाहीर केली.

फवारताना हातमोजे आणि चष्मा हवाच. तांबं मातीत साठत जातं आणि गांडुळांना ते सोसत नाही, तेव्हा हात आखडता.

[गुलमोहर. कॅमेरा फुलांवरून बुंध्याकडे उतरतो.]

बुंध्याला ही छत्री उगवलीय. लालसर तपकिरी, वरून लाखेचा हात फिरवल्यागत चकचकीत, कडा पांढरी. ही गॅनोडर्मा. छत्री तोडून फेकली तर काहीच साधत नाही, कारण ते फक्त तिचं फळ. बुरशी आत आहे, मुळांत आणि बुंध्यात, आणि छत्री दिसेपर्यंत बराच काळ लोटलेला असतो. वर फुलोरा असू शकतो, पानं हिरवी असू शकतात.

[लाकडी हातोडीने खोड ठोकताना. आवाज तसाच ठेवायचा, निवेदन नाही.]

यावर औषध नाही. असं झाड वाऱ्यात मुळासकट आडवं होतं, खाली कोण उभं आहे ते बघत नाही. जाणकाराला दाखवून काढायचं ठरलं तर बुंधा आणि हाती लागतील तितकी जाड मुळं उकरून बाहेर काढावी लागतात, कारण गॅनोडर्मा मेलेल्या मुळांत टिकून राहते आणि शेजारच्या मुळांना तिथूनच धरते. शेजारच्या झाडांच्या आळ्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळलेलं कंपोस्ट द्यायचं आणि त्यांच्या मुळांशी कुदळ लागू द्यायची नाही. त्या खड्ड्यात पुन्हा गुलमोहर नको.

[नवा खड्डा. रोप उतरवताना. काठी आडवी ठेवून पातळी बघितली जाते.]

दुसरं काही लावायचं तर रोपाची पिशवी पूर्ण काढायची, गोल गुंडाळलेली मुळं मोकळी करायची किंवा छाटायची. खड्ड्यावर आडवी काठी ठेवायची. खोडाचा मुळांकडे रुंदावणारा भाग काठीच्या वर राहिला पाहिजे. तो खाली गेला असेल तर रोप पुन्हा बाहेर काढून तळाशी माती भरायची.