कपाट वर चढवायचं का?

[दृश्य: आयर्विन पूल, सांगली. खाली कृष्णेचं गढूळ पाणी.]

"आयर्विनला किती?"
"चौतीस."
"मग अजून सहा हायत की."

पावसाळ्यात सांगलीत फोन उचलला की 'हॅलो'च्या जागी हेच ऐकू येतं. पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. हे आकडे आमच्याकडं पोरांना पाढ्यांआधी पाठ होतात. माझा पहिला खरा विनोद मला या फोनमध्ये सापडला. पण त्याआधीची पडलेली फिल्म दाखवतो.

[दृश्य: जुन्या फिल्मचा तुकडा.]

ही बघा. मोबाइलवर शूट, थर्माकोलचा रिफ्लेक्टर, कॉलर माइकची वायर आत्याच्या पदराखालून लोंबतीय. मधेच उसाचा ट्रॅक्टर गेला, मागं दोन ट्रॉल्या, वर कर्णा. त्या गाण्यात अख्खा संवाद बुडाला. मग डोक्यावर गोधडी घेऊन डबिंग केलं. म्हणून ही माणसं भर अंगणात पेटीत कोंडल्यासारखी बोलतात.

आवाजाचं सोडा. मी सगळ्यांना आधीच सांगून बसलो होतो, की फिल्म विनोदी आहे. झालं! भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून भांडताना अख्खी गल्ली हसवणारी आत्या कॅमेऱ्यापुढं डोळे मोठे करायला लागली. तीन महोत्सवांना पाठवली. दोघांचं उत्तर नाही. तिसऱ्यांनी कळवलं, 'विषय गंभीर आहे, अजून खोलात जा.'

[दृश्य: भावे नाट्यमंदिराचा दर्शनी भाग.]

विनोद या गावाला नवा नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्यांच्या खेळात सूत्रधाराचं मंगलाचरण झालं की अंगाला झाडपाला बांधून विदूषक यायचा आणि त्याची फिरकी घ्यायचा. मला उगाच वाटतं, लोक त्या पाल्यापेक्षा सूत्रधाराच्या सरळ चेहऱ्यालाच जास्त हसले असतील.

दुसऱ्या फिल्मला मला तो चेहरा पाहिजे होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या वर्षी कुणी हसलं नाही. पण तेव्हापासून आमच्या गल्लीत पावसाचा जोर वाढला की लोखंडी कपाटं माडीवर चढतात आणि ओसरला की उतरतात. गोष्ट एवढीच. नवरा-बायको, कपाट, जिना. प्रत्येक फोनला पाण्याचा आकडा बदलतो आणि कपाट दोन पायऱ्या वर, नाहीतर दोन पायऱ्या खाली.

आत्याला म्हटलं, "पाणी वाढतंय, कपाट वर गेलं पाहिजे." बाकी काही सांगितलं नाही. कपाटात खरोखरच्या गोधड्या भरल्या, कारण रिकामं कपाट उचलताना चेहरा लगेच खोटं बोलतो. मामांनी तिसऱ्या टेकला शिवी घातली. ती ठेवलीय.

[दृश्य: एडिटिंगचा पडदा.]

इथं बघा. फोन वाजतो आणि आत्या मामांकडं नुसती बघते. आधी मी ही नजर एका सेकंदावर कापली होती. मित्रांना दाखवली, कुणी हूं की चूं नाही. मग अजून दोन सेकंद तशीच सोडली. आता त्याच जागी हशा येतो, दरवेळी.

पैसे? यूट्यूबच्या जाहिरातींतून कमवायचं तर चॅनेलला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं. सात मिनिटांची फिल्म चौतीस हजारांवर लोकांनी शेवटपर्यंत बघायची! मामा म्हणाले, "पुन्यांदा चौतीसच? मग कपाट खालीच राहू दे."

[दृश्य: रात्र. गल्लीत चादरीचा पडदा, समोर सतरंज्या.]

पहिला खेळ गल्लीतच लावला. भडंगाची पाकिटं फिरत होती. फिल्ममध्ये फोनवर "त्रेचाळीस" ऐकू आलं आणि पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून उभे राहिले. "त्रेचाळीसला आपल्या गल्लीत पाणी येतच न्हाई!"

मागून कुणीतरी म्हणालं, "येतंय की. आमच्या पायरीला लागतंय."

"तुमची पायरीच खाली हाय."

निम्मी गल्ली पाठ फिरवून पायऱ्या मोजायला गेली. फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली.