दाताचा एक्स-रे: ‘मी बोटानं धरू का, डाक्टर?’

नमस्कार राजेहो! मागच्या बाजाराच्या दिवशी एक आजी आल्या. दाढ किडलेली, गाल टम्म सुजलेला. एक्स-रेचं नाव काढताच खुर्चीतून उठल्याच. “नाही बाई, मले नाही काढाचा फोटो. थे किरनं आंगात राह्यते.”

राहत नाहीत हो. घरचा बल्ब बंद केला तर उजेड भिंतीत मुरून राहतो का? या मशीनच्या नळीत एक तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि ६०-७० हजार व्होल्टच्या जोरानं टंगस्टन धातूवर आदळतात. तिथून एक्स-रे निघतात. सेकंदाचाही काही भागच. वीज बंद झाली की किरणं संपली. लाइट गेली तर हे मशीन म्हणजे नुसता डबा, आणि आपल्याकडे लाइट किती जाते ते मी तुम्हाला काय सांगू!

(सेन्सर कॅमेऱ्याजवळ धरून) हा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चकती. काडीपेटीहून लहान, मागे वायर. हा दाताच्या आतल्या बाजूला बसतो आणि बाहेरून गालाला नळकांडं लागतं. दाताचं कवच कॅल्शियमनं ठासलेलं असतं, ते किरणं अडवतं, म्हणून फोटोत पांढरं दिसतं. कीड लागली की तिथलं कॅल्शियम झिजतं, किरणं आरपार जातात, काळं दिसतं. आजींच्या दाढेच्या मुळाशी तुरीच्या दाण्याएवढा काळा गोल निघाला. पूनं तिथलं हाड खाल्लं होतं. वरून आरशात मला ते कधीच दिसलं नसतं.

पण फोटोच्या आधी काय झालं ते ऐका. आजींच्या तोंडात सेन्सर ठरेना. सून पुढे आली, “डाक्टर, मी बोटानं धरू का?”

इथं मी ओरडलेच. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला एडमंड केल्स नावाचे दातांचे डॉक्टर होते. जर्मन शास्त्रज्ञ रॉन्टगेननं १८९५ मध्ये एक्स-रे शोधले आणि पुढच्याच वर्षी केल्स दातांचे फोटो काढू लागले. कित्येक वर्षं त्यांचा हात किरणांसमोर येत राहिला. आधी बोटं कापावी लागली, मग हात गेला. तेव्हाची मशीनं वेगळी, डोस भयंकर, हे खरं. पण धरायला होल्डर मिळतो ना! नसेल तर पेशंटनं स्वतः धरावं. डॉक्टरनं नाही, कंपाउंडरनं तर नाहीच, कारण पेशंटचा फोटो एक, त्याचे दिवसाला दहा.

सुनेला मी दाराबाहेर पाठवलं. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो. मी स्वतःही सहा फूट मागे, झोताच्या बाजूला उभी राहते.

आणि आजींचा डोस? एका डिजिटल फोटोचा बहुधा १० मायक्रोसिव्हर्टच्या (हे किरणांचा डोस मोजायचं माप) आतच. जमीन, हवा, आकाश यांच्यातून माणसाला जगाच्या सरासरीनं वर्षाला २४०० मिळतातच, म्हणजे रोजचे सहा-सात. अमेरिकन डेंटल असोसिएशननं तर २०२४ मध्ये सांगितलं की शिशाच्या एप्रनची आता गरज नाही, झोत दातापुरता आवळलेला असला की झालं. मी तरी घालते. लोकांचा जीव थाऱ्यावर राहतो.

पोटुशी असाल तर आधी सांगा. थांबता येण्यासारखं असेल तर थांबू. सूज, ताप असेल तर मात्र काढू, झोत तोंडावर असतो, पोटावर नाही. जुना फोटो मोबाइलमध्ये ठेवा, नागपूरला गेलात तर तोच दाखवा.

आता खर्रावाले, म्हणजे तंबाखू-सुपारी चघळणारे. तुमच्या तोंडात सेन्सर बसतच नाही, जबडा उघडतो कुठं? मग बाहेरून फिरणाऱ्या मशीनवर ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा फोटो, काढावा लागतो. पण त्यात दात नि हाड दिसतं, खर्र्यानं गालात पडलेला पांढरा चट्टा नाही. आत्ता व्हिडिओ थांबवा, आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. दोनच जात असतील तर एक्स-रेचं राहू द्या, आधी तोंड दाखवायला या.