मद्याच्या चोथ्याचे नाक: चिनी वैद्यकाच्या नजरेतून रोझेशिया

नमस्कार. गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर ठाण मांडून बसलेली लाली, तिच्यात मधूनमधून उठणाऱ्या पुटकुळ्या आणि हळूहळू दिसू लागणाऱ्या बारीक तांबड्या रक्तवाहिन्या, या विकाराला त्वचारोगतज्ज्ञ रोझेशिया म्हणतात. चिनी भाषेतील त्याचे जुने नाव ‘ज्यौ-झा-बी’, म्हणजे मद्याच्या चोथ्यासारखे नाक. हे नाव रुग्णावर उगाच आळ घेते. मद्याने काहींची लाली भडकते हे खरे. पण ज्यांनी दारूला कधी स्पर्शही केलेला नाही, अशांनाही हा विकार होतो.

चिनी ग्रंथांत मात्र केवळ मद्याला दोष दिलेला नाही. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात असे म्हटले आहे की, श्रमाने घामाघूम झालेल्या माणसाला वारा लागला आणि थंडी त्वचेत शिरली, की असे फोड उठतात. पुढे इ.स. 610 मध्ये चाओ युआनफांग या दरबारी वैद्याने त्यात मद्याची भर घातली: पिण्याने उष्णता चेहऱ्याकडे धावते, तिथे तिची गार वाऱ्याशी गाठ पडते आणि नाक लाल होते. घट्ट झाकणाच्या पातेल्यातील वाफेसारखी ही कल्पना आहे. आत आच आहे, पण बाहेर पडायला वाट नाही.

मग नाकच का? कारण या शास्त्रात नाक हे फुप्फुसाचे द्वार मानले जाते, आणि जठराची वाहिनी, म्हणजे या शास्त्राने कल्पिलेला प्राणशक्तीचा मार्ग, नाकाशेजारून गालावर उतरते. (इथले ‘फुप्फुस’ म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणारे फुप्फुस नव्हे, श्वास, त्वचा आणि नाक यांना एकत्र बांधणारी ती एक व्यवस्था आहे.) चियानलोंग सम्राटाच्या आज्ञेने 1742 मध्ये पूर्ण झालेल्या ‘यिझोंग जिनज्येन’ या वैद्यकसंग्रहात जठराचा अग्नी फुप्फुसाला धुरी देतो, बाहेरून थंडी आवळते आणि रक्त साकळते, असा क्रम सांगितला आहे. म्हणून नाक आधी लाल, मग जांभळे आणि फार काळ गेल्यावर काळसर होते. मला या परंपरेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण कारणमीमांसा मान्य नसली तरी निरीक्षण नेमके आहे: काही रुग्णांत लाली खरोखरच स्थिरावते, त्वचा जाड होते आणि नाक गाठाळ बनते.

उपचारही याच क्रमाने बदलतात. लाली ताजी असेल तर उष्णता शमवायची. रंग जांभळा झाला असेल तर साकळलेले रक्त हलवायचे. वांग चिंगरेन या वैद्यांच्या 1830 च्या ग्रंथात रक्त वाहते करणारा एक काढा इतर विकारांबरोबर अशा नाकासाठीही सांगितला आहे. बाहेरून लावायला रेवाचिनी आणि गंधक समभाग कुटून, ती पिवळसर पूड थंड पाण्यात कालवतात. गंधक आधुनिक त्वचारोगशास्त्रातही या विकारासाठी वापरले गेले आहे, हा योगायोग खचितच नसावा. याउलट, त्याच 1742 च्या संग्रहात एफेड्रा वनस्पती आणि तिचे मूळ मद्यात घालून, तीन उदबत्त्या जळेपर्यंत शिजवून, रात्रभर दवात ठेवून सकाळ-संध्याकाळ पेलाभर नव्हे, तीन ते पाच पेले प्यायला सांगितले आहे. मद्याच्या नाकावर मद्याचाच उतारा! एफेड्राने रक्तदाब आणि हृदयाची गती वाढते, त्यामुळे हा प्रयोग घरी मुळीच करू नये.

आजचे संशोधन त्वचेची प्रतिकारयंत्रणा, रक्तवाहिन्यांवरील मज्जातंतूंचे नियंत्रण आणि डेमोडेक्स नावाचे त्वचेवरचे सूक्ष्म कोळीवर्गीय जीव यांकडे पाहते. मेट्रोनिडॅझोल, अझेलाइक ॲसिड आणि आयव्हरमेक्टिन यांची मलमे आज वापरात आहेत. चिनी काढ्यांमागे एवढा भक्कम पुरावा नाही, आणि चिनी ‘उष्णता’ म्हणजे आपले पित्तच, असे समीकरणही कोणी मांडू नये. आपल्याकडील खरा धोका वेगळाच आहे: औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेले, गोरेपणासाठी महिनोन्महिने चोपडलेले स्टेरॉइडचे मलम. त्याने लाली आधी दबते आणि मलम सोडताच दुप्पट जोराने उसळते.

शिवाय चिनी ग्रंथांतील लाल-जांभळ्या रंगांची पायरी उजळ त्वचेवर सहज वाचता येते. सावळ्या चेहऱ्यावर ती लपते. तिथे रंगाआधी जळजळ होते का, ऊन किंवा गरम चहा लागताच चेहरा तापतो का, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते का, हे विचारावे लागते. डोळे खुपत असतील तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये.